दीक्षाभूमीच्या वाटेवर पट्टा कोण बांधणार?

अशोक विजयादशमी जवळ आली की मांजर्लीपासून बेलवलीपर्यंत आमच्या वस्त्यांत गाड्या ठरवण्याची लगबग सुरू होते. पूर्वी नागपूरला जायचे तर कल्याण गाठून विदर्भ नाहीतर सेवाग्राम एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभ्याने रात्र काढायची, हाच शिरस्ता होता. आता समृद्धी महामार्ग झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. आमणे म्हणजे भिवंडी तालुका, बदलापूरकरांच्या उंबरठ्यावरच. तेव्हापासून चार कुटुंबांनी मिळून बोलेरो, अर्टिगा किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करायची, संध्याकाळी निघायचे, पहाटे दीक्षाभूमीवर पोहोचायचे आणि दुसऱ्या रात्री परतीला लागायचे, असा बेत सर्रास ठरू लागला आहे. २० मार्चला महाड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, तेथेही हाच प्रकार.

गाडी ठरवताना काय विचारले जाते? भाडे किती, टोल कोणाचा, एसी चालतो का, पुढे बॅनर बांधायला जागा आहे का, दोन माणसे जास्त बसतील का. मागच्या सीटला पट्टे आहेत का आणि ते ओढले तर बाहेर येतात का, हे विचारणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

यावर आमच्याच बांधवांकडून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, संपादक महाशय, एअरबॅग आणि सीटबेल्ट ही मोटारवाल्यांची चिंता. आमचा माणूस बदलापूर लोकलच्या दाराला लोंबकळून कामावर जातो, दुचाकीवरून मरतो, रस्ता ओलांडताना मरतो. आकडे त्यांच्याच बाजूने आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत जवळजवळ निम्मी दुचाकीवरची होती, आणि दर पाचातला एक साधा पायी चालणारा. हेल्मेट नसल्यामुळे ५० हजारांवर माणसे गेली. पट्टा न बांधल्यामुळे गेलेल्यांची संख्या १६ हजार ७१५ आहे. म्हणजे तुलनेने कमी. पण या १६ हजार ७१५ पैकी निम्मे, ८ हजार ३३१, हे चालक नव्हते, प्रवासी होते. ते स्वतः गाडी चालवत नव्हते, कोणाच्या तरी भरवशावर मागे बसले होते. आमचा माणूस मोटारीत बसतो तो बहुधा असाच, भाड्याच्या गाडीत, मागे, दाटीवाटीने. शिवाय जो गाडी चालवतो तोही आमच्याच घरातला असतो. मांजर्लीतली किती तरी पोरे आज कुणाच्या तरी पिवळ्या पाटीच्या गाडीवर बारा-चौदा तास राबत आहेत. तेव्हा हा प्रश्न मलबार हिलचा आहे असे समजून सोडून देता येणार नाही.

धडकेत नेमके काय होते ते आधी समजून घेऊ. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असते तेव्हा आत बसलेला माणूसही ६० नेच जात असतो. आपण सीटवर स्वस्थ बसलो आहोत असे त्याला वाटते एवढेच. गाडी समोरच्या ट्रकवर आदळली की गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, समोरच्या सीटवर किंवा काचेवर आपटतो. ही दुसरी धडक. तिच्यापाठोपाठ तिसरी होते, ती कोणाला दिसत नाही. छातीचा पिंजरा थांबतो, पण आतले हृदय आणि फुप्फुसे पुढेच जात असतात, यकृत आणि प्लीहा फाटतात, मेंदू कवटीच्या आतल्या भिंतीवर आदळतो. अपघातानंतर माणूस उठून बसतो, पाणी मागतो, बोलतो आणि तासाभरात जातो, त्याचे कारण बहुतेकदा ही तिसरी धडक असते. पोटात रक्त साचत असते आणि बाहेर साधे खरचटलेलेही नसते. बघणारे म्हणतात, काहीच लागले नव्हते हो, नजर लागली.

वेगाचा अंदाज आपल्याला येत नाही, उंचीचा येतो. म्हणून हिशेब उंचीत सांगतो. ताशी ४० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सहा मीटरवरून, सुमारे दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. ६० चा वेग म्हणजे चौदा मीटर, मांजर्लीतल्या जुन्या चार मजली इमारतीची गच्ची. १०० म्हणजे तेरा मजले. समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे, ती सुमारे सत्तावन्न मीटर होते, एकोणीस मजले. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. एकोणीस मजल्यांच्या गच्चीच्या कठड्यावर मांडीवर पोर घेऊन कोणी बसेल काय? समृद्धीवरच्या गाडीत आपण तेच करतो आणि वर गाणी लावतो.

पट्टा करतो काय, तर माणसाला गाडीबरोबर थांबवतो. गाडीचा पुढचा भाग चेपतो तेव्हा तिला थांबायला थोडा वेळ आणि दोन-अडीच फूट जागा मिळते. पट्टा बांधलेल्या माणसाला त्या वेळेचा आणि जागेचा वाटा मिळतो. न बांधलेला आधी मोकळा उडतो आणि मग बोटभर जागेत थांबतो. दुसरे म्हणजे पट्टा हा मार शरीराच्या मजबूत हाडांवर वाटून देतो: कमरेची हाडे, छातीचा पिंजरा, खांद्याजवळची हासळी. मऊ पोटावर आणि डोक्यावर तो येऊ देत नाही. आणि तो माणसाला गाडीबाहेर फेकू देत नाही. बाहेर फेकला गेलो म्हणून वाचलो, असे सांगणारे भेटतात. बाहेर फेकले गेले आणि मेले ते सांगायला येत नाहीत, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ.

मांडीवरून आणि खांद्यावरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पण ते इतर सर्व मोटार कंपन्यांना वापरायला मोकळे ठेवले. ज्ञान कुलपात ठेवायचे आणि ते ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतायचे, ही परंपरा ज्यांनी सोसली त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळावे. जगभर फुकट वाटले गेलेले हे ज्ञान आमच्याकडे सीटच्या कव्हरखाली दाबून ठेवले जाते.

पट्टा आणि पिशवी यांचे नाते मात्र अनेकांना उलटे कळले आहे. गाडीत एअरबॅग आहे म्हणून पट्टा कशाला, असे सुशिक्षित माणसेसुद्धा म्हणतात. एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार म्हणून बनवली आहे, त्याची जागा घेण्यासाठी नाही. धडक लागताच संवेदक ते ओळखतो, आतले रसायन पेटते, वायू तयार होतो आणि डोळ्याची पापणी लवायला जितका वेळ लागतो त्याच्या आत, सेकंदाच्या तीसेक हजारांश भागात, पिशवी फुगते. फुगताना तिचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर असतो. फुगून झाल्यावर मागच्या छिद्रांतून हवा सुटू लागते, त्या क्षणी माणसाचे डोके तिच्यावर टेकले पाहिजे, असा सगळा हिशेब असतो. पट्टा बांधलेला माणूस त्या हिशेबात बसतो. न बांधलेला ब्रेक लागतानाच पुढे सरकलेला असतो, पिशवी अजून फुगतेच आहे तोवर तो तिच्यावर जाऊन पडतो, आणि वाचवणारी वस्तूच त्याच्या मानेवर घणासारखी बसते.

अमेरिकेत १९९० नंतर हे मोठी किंमत देऊन कळले. सुरुवातीच्या जास्त जोरदार एअरबॅगमुळे तेथे २००८ पर्यंत २९० हून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती आणि बहुतेकांनी पट्टा बांधला नव्हता किंवा नीट बांधला नव्हता. नंतर पिशव्यांचा जोर कमी केला गेला, पण नियम तोच राहिला. तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याचा समोरासमोरच्या धडकेचा अंदाज असा आहे की नुसती एअरबॅग असेल तर मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी घटतो, नुसता पट्टा असेल तर ५० टक्क्यांनी आणि दोन्ही असतील तर ६१ टक्क्यांनी. म्हणजे जी गोष्ट प्रत्येक खटारा गाडीतही असते तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. गाडी उलटली, एकामागून एक दोन धडका बसल्या, तर पिशवी एकदाच फुगून मोकळी होते. पट्टा मात्र शेवटपर्यंत धरून ठेवतो.

पट्ट्यानेही इजा होते, हे लपवण्याचे कारण नाही. छातीवर निळा तिरका वळ उठतो, हासळी मोडते, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या तडकतात. मोडलेली हासळी दीड-दोन महिन्यांत जुळते, हे लक्षात ठेवून त्याची तुलना करावी. खरी वाईट इजा होते ती पट्टा चुकीचा बांधल्याने. मांडीवरचा भाग पोटावर चढला असेल तर धडकेत तो आतड्यात आणि मणक्यात घुसतो. तो खाली, कमरेच्या हाडावर घट्ट हवा. गरोदर भगिनींनी तो पोटाच्या खालून घ्यावा आणि वरचा भाग दोन स्तनांच्या मधून. खांद्याचा पट्टा मानेला घासतो म्हणून काही जणी तो काखेखालून घेतात. तसे केले तर सगळा मार खालच्या बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्या आड यकृत असते.

मानेला पट्टा का घासतो, याचाही एक इतिहास आहे. मोटारींच्या चाचण्यांत जो पुतळा बसवतात तो १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला, सरासरी पुरुषाचा, उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो. स्त्री म्हणून जो पुतळा आला तो याच पुरुषाची लहान केलेली आवृत्ती होती. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०११ साली अमेरिकेतल्या अपघातांची नोंद तपासली, तेव्हा पट्टा बांधलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळली. एका विशिष्ट शरीराला माणूस ठरवायचे आणि बाकीच्यांना त्याच्या मापात बसवायचे, ही रीत आमच्या वाचकांना नवीन नाही. आमची पाच फुटांची आई-बहीण त्या मापात कुठेच नव्हती. म्हणून तिने पट्टा सोडावा असे मात्र नाही. तो सोडला तर तोटा तिचाच आहे, माप ठरवणाऱ्याचा नाही.

मागे बसलेल्याला पट्ट्याची गरज नाही, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा भ्रम. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या मोटारीची धडक बसली. शपथविधी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या सीटवर होते, पट्टा बांधलेला नव्हता. मानेला आणि यकृताला इजा झाली आणि उसाच्या फडातून आलेल्या ऊसतोड कामगारांचा, ओबीसींचा नेता गेला. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले की मागचा पट्टा ही शोभेची वस्तू आहे या समजुतीने आपला मित्र नेला. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. गाडी महागातली, एअरबॅग सगळीकडे. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल जागीच गेले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. कोट्यवधींचा मालक असो की विडी कारखान्यातला मजूर, हा नियम वर्ण पाहत नाही, आणि या देशात असे नियम फार थोडे आहेत.

मागचा माणूस एकटा मरत नाही, हेही सांगितले पाहिजे. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली जपानमधल्या अपघातांवरून दाखवून दिले की मागच्यांनी पट्टा बांधला नसेल तर पुढे पट्टा बांधून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो. सत्तर किलोचा माणूस मागून सीटवर येऊन आदळला की चालकाचा पट्टा आणि एअरबॅग दोन्ही फुकट जातात. मांडीवरच्या लेकराची गोष्ट तर विचारूच नका. ताशी ५० चा वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबला तर दहा किलोचे मूल आईच्या हातांना एकशे चाळीस किलो होते. कोणत्याही आईचे हात ते पेलू शकत नाहीत. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेतले तर आई आणि एअरबॅग यांच्या मधोमध ते मूल असते. मुले मागे बसवावीत, शक्यतो त्यांच्या खास आसनात. ते महाग असते हे आम्हाला ठाऊक आहे, पण निदान स्वतंत्र जागा आणि पट्टा तरी त्यांच्या वाट्याला यावा.

येथे आमच्या समाजातल्या एका सवयीबद्दल बोलायला हवे, राग आला तरी चालेल. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालणाऱ्या, लिंबू-मिरची बांधणाऱ्या लोकांना आम्ही हसतो आणि आमच्या डॅशबोर्डवर चिकटवलेली तथागतांची मूर्ती दाखवतो. ज्या जागी ती चिकटवलेली असते, डाव्या बाजूच्या त्या झाकणाखाली प्रवाशाची एअरबॅग असते. धडकेत ती फाटून बाहेर येते तेव्हा वर ठेवलेली कोणतीही वस्तू, मग ती मूर्ती असो, अत्तराची बाटली असो की मोबाइलचा स्टँड, गोळीसारखी तोंडावर येते. ज्याने कार्यकारणभाव शिकवला त्याची मूर्ती कार्यकारणभाव न पाहता बसवायची, हे आम्हाला पटत नाही. वेळ आली होती, नशिबात होते, असे धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही दुखवट्याला म्हटले जाते. वेळ आली नव्हती. पट्ट्याचे बक्कल लावले नव्हते.

सरकारने आणि कंपन्यांनी काय केले तेही पाहू. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. गरिबाला मोटार दिली म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या उद्योगाने गरिबाचा जीव पर्यायी सुविधांच्या यादीत टाकला होता. वरच्या किमतीच्या गाडीत एअरबॅग, खालच्या किमतीत नाही. सुरक्षिततेतही चातुर्वर्ण्य! चालकाची एअरबॅग सर्व नव्या मोटारींत सक्तीची व्हायला १ जुलै २०१९ उजाडावे लागले, शेजारच्या प्रवाशाची २०२१ मध्ये आली. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा २०२२ च्या जानेवारीत निघाला, मुदत एकदा पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमहोदयांनी सक्ती करणार नाही असे सांगून टाकले. आता आमचा होतकरू तरुण कर्ज काढून घेतो ती गाडी बहुधा जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. ती २०१९ च्या आधीची असेल तर एअरबॅग असेलच असे नाही. असली तर ती आधीच्या अपघातात फुगून गेली आणि नुसते झाकण बसवून गाडी विकली, असेही घडते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही तर सौदा थांबवावा. पुढे लोखंडी बंपर बसवण्याचा सोसही सोडावा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला मनाई केली, कारण त्यामुळे संवेदकाला धडक नीट कळत नाही.

पट्टा न बांधता भोंगा बंद करणाऱ्या क्लिपांची गोष्ट तर या देशाचेच लक्षण म्हणावी लागेल. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकणे बंद करायला लावले आणि १३ हजारांवर जाहिराती काढल्या गेल्या. म्हणजे खऱ्या पट्ट्यापेक्षा खोट्या बक्कलाला बाजार मोठा होता.

आता त्या टेम्पो ट्रॅव्हलरकडे वळू, कारण आमची गर्दी तिच्यात असते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर आदळली आणि १२ जण गेले. बुलडाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन ही माणसे नाशिकला परतत होती, कष्टकरी वस्तीतली, आपल्यासारखीच. १७ आसनांच्या गाडीत ३५ जण होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. अशा गाडीत पट्टा असून तरी काय उपयोग? १७ पट्टे ३५ माणसांना पुरत नाहीत. सीटच्या मधल्या बोळात पाट टाकून बसलेला माणूस धडकेत सगळ्यांच्या डोक्यांवरून पुढच्या काचेकडे जातो. भाडे वाटून घेताना डोकी वाढवली की प्रत्येकी शे-दोनशे वाचतात, हे खरे आहे. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. रोजंदारीवरच्या घरात ते पैसे मोजूनच खर्च होतात. म्हणूनच मंडळांनी आणि विहार समित्यांनी वर्गणीतून ही तूट भरावी असे आमचे म्हणणे आहे. मिरवणुकीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो त्यात एक जादा गाडी सहज होते.

आणि चालकाचे काय? बाबासाहेबांच्या आयुष्यात एक अपघात आहे, आमच्या बहुतेक वाचकांना तो माहीत आहे, पण अपघात म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेले नाही. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतला एक माणूस लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड होते. चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. पाय मोडला, ते बेशुद्ध पडले. पाहुण्याचा मान राखण्यासाठी आपल्या माणसांनी त्याचा जीवच धोक्यात घातला, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. त्यांच्यावर न रागावता, पण स्पष्ट. त्या अपघाताचे पहिले कारण अस्पृश्यता हे तर उघडच आहे. त्याच्या मागोमाग येणारी कारणे बघा: शिकलेला चालक नाही, रस्त्याला कठडा नाही, बसणाऱ्याला धरून ठेवणारे काही नाही. शंभर वर्षे होत आली, ही तिन्ही कारणे आमच्या वाटेवर अजून उभी आहेत.

आज टांगेवाला नकार देत नाही. आज आमचाच पोरगा दिवसभर भाडी मारून संध्याकाळी तीच गाडी घेऊन नागपूरला निघतो, सातशेहून अधिक किलोमीटर, सरळ रस्ता, वळण नाही, झाड नाही, डोळे मिटायला लावणारा. मालकाचा हप्ता आहे, तो नाही म्हणू शकत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतल्या कामगारांचा आठवडा ४८ तासांवर आला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचा दिवसही आठ तासांचा ठरवला. एकट्या गाडीवरच्या एकट्या चालकापर्यंत तो कधी पोहोचला नाही. दंड मात्र पोहोचतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ ब सांगते की पट्टा न बांधलेले प्रवासी नेले तर एक हजार रुपये दंड, आणि तो गाडी चालवणाऱ्याला. मागे ऐसपैस बसलेला साहेब पट्टा लावत नाही आणि पावती चालकाच्या नावाने फाटते. साहेबाला सांगायचे कोणत्या तोंडाने? नोकरी जाईल. हा दंड मालकाकडून किंवा न बांधणाऱ्या प्रौढ प्रवाशाकडून वसूल व्हावा, अशी मागणी आमच्या चालक संघटनांनी लावून धरली पाहिजे. आणि आम्ही जेव्हा त्या साहेबाच्या जागी, मागच्या सीटवर बसतो, तेव्हा आपल्याच पोराला ही पावती फाडायला लावू नये.

बदलापुरात अपघात झाला तर जखमीला उल्हासनगर, तिथून कळवा किंवा सायन, असा प्रवास करावा लागतो हे येथे प्रत्येकाला माहीत आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. ती माहीत असावी, मागून घ्यावी. पण समृद्धीवर रात्री दोन वाजता यकृत फाटलेल्या माणसाला रुग्णालयापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ कोणत्याही योजनेत परत मिळत नाही.

म्हणून समित्यांनी या वर्षी गाडी ठरवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात. सीट तेवढीच माणसे. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला दोन चालक, आणि नागपूरला पोहोचल्यावर त्यांना झोपायला जागा, गाडीच्या टपावर नव्हे. रात्री बारा ते पाच गाडी थांबवता आली तर फारच उत्तम. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विनायक मेटे यांची गाडी द्रुतगती मार्गावर आदळली ती रात्रभराच्या प्रवासानंतर, पहाटे पाचच्या सुमारास. चौथी गोष्ट पट्ट्यांची. बयाणा देण्याआधी गाडी डोळ्यांनी पाहा, मागच्या सीटवर बसा आणि पट्टा झटक्याने ओढा. झटक्याला तो अडला पाहिजे, हळू ओढल्यास सुटला पाहिजे. आणि बक्कल सापडत नसेल तर सीटच्या कव्हरखाली हात घाला, बहुधा ते तिथेच दाबलेले असते. कव्हर फाडावे लागले तर मालकाला सांगून फाडा.